उघाडीची झडप आणि परस्परांशी बोलणारी दारे

शीळफाट्याहून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावर देसाई खाडी लागते. ठाणे जिल्ह्यात अशा खाड्यांच्या काठी खारबंदीचे बांध घालून भातजमिनी राखण्याची पद्धत जुनी आहे. बांधातील उघाडीची झडप ओहोटीच्या वेळी आतील पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरतीच्या वेळी बाहेरील दाबाने मिटते. तिला राखणदार लागत नाही, विजेची तर गोष्टच नको. मात्र झडप अडकून खारे पाणी खाचरांत शिरले तर हातचे पीक जाते, आणि पुढील पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत जमीनही कामास येत नाही.

या झडपेला केवळ आपल्या दोन बाजूंचे पाणी कळते. वरच्या गावी पाऊस कोसळत आहे, सायंकाळी उधाणाची भरती आहे, शेजारची उघाडी गाळाने बुजली आहे, यांपैकी काहीही तिला ठाऊक नसते. पाण्याची पातळी मोजणारे साधन, लहानसा संगणक व बिनतारी संदेशवहन यांची जोड दिलेली दारे ही वार्ता एकमेकांस कळवू शकतात. एरवी खाचरातील गोडे पाणी राखणे हे अशा दाराचे काम होय. अतिवृष्टी व उधाण एकाच वेळी येणार असे दिसताच, आधीच्या ओहोटीत पाणी काढून टाकणे हे त्याचे काम ठरते. यंत्र तेच, वागणूक निराळी.

कालव्यांवर अशी दारे प्रत्यक्ष आली आहेत. कर्नाटकातील नारायणपूर डाव्या कालव्याच्या आधुनिकीकरणाचे उद्घाटन १९ जानेवारी २०२३ रोजी यादगीर जिल्ह्यातील कोडेकल येथे झाले. सुमारे ४.५ लाख हेक्टर लाभक्षेत्राच्या या कालव्यावर प्रवाह मोजून दूरवरून चालविता येणारी दारे बसविली आहेत. कालव्याच्या मुखाशी सोडलेले पाणी शेवटच्या चारीस पोहोचण्यास बराच वेळ लागतो. म्हणून प्रत्येक दाराने आपल्यापुरते पाहून पाणी ओढले, तर शेपटाकडील शेतकरी कोरडा राहतो.

वागणुकीतील हा बदल काम चालू असतानाच करावा लागतो. शीळफाट्यावर कल्याण, मुंब्रा, महापे व पनवेल या बाजूंचे रस्ते मिळतात. तेथे एका बाजूस वाहने तुंबली, तर पोलीस रहदारी बंद करून नियम लिहीत बसत नाही; उभ्या उभ्या पाळी बदलतो. पाण्याचेही तसेच आहे. यंत्रास पाहणे, अर्थ लावणे, ठरविणे व करणे ही चार कामे अखंड करावी लागतात.

सर्व दारांवर एकच मुख्य संगणक ठेवावा, हा विचार सोपा वाटतो. पण तार तुटताच सारेच आंधळे होते. प्राग येथील चार्ल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘डीको’ नावाची निराळी रचना मांडली. तीत प्रत्येक घटक आपली माहिती आपल्याजवळ ठेवतो, आणि गरज पडेल तेव्हा जवळच्या घटकांचा तात्पुरता गट बनतो. भातलावणीची सावड शेतकरी बंधूंस परिचित आहेच. लावणीपुरते शेजारी एकत्र येतात, काम आटोपले की आपापल्या शेतावर जातात. कोणास बोलवावयाचे हे त्या वेळच्या कामावरून ठरते. कायमची यादी नसते.

येथे खरा धोका शिळ्या वार्तेचा असतो. शेजारच्या दाराने दोन तासांपूर्वी कळविलेली पातळी आताची समजून दार उघडले, तर तोवर भरती सुरू झालेली असू शकते. यासाठी प्रत्येक निरोपाबरोबर त्याची वेळ असावी, आणि ठरावीक मुदतीहून जुना निरोप यंत्राने ग्राह्य धरू नये. निरोप थांबल्यास दाराने काय करावे, हेही आधीच ठरलेले असावे. कालव्यावर याचे उत्तर जागेनुसार बदलते. खारबंदीवर ते एकच आहे, दार मिटावे. म्हणून विजेचे दार बसविले तरी जुनी झडप काढू नये. ती खाडीच्या बाजूस मोकळी हलती ठेवावी, आणि संगणकास ती भरतीत उघडी धरता येईल अशी कोणतीही जोडणी करू नये. ग्रामसेवकांनी पावसाळ्यापूर्वीच्या उधाणाआधी वीज बंद करून झडप आपोआप मिटते की नाही हे पाहावे, व बिजागरीतील गाळ आणि शिंपले काढून घ्यावेत.