अंजिराचे पान राखा, फळ राखले जाईल



पुणे-सोलापूर रस्त्यावर भांडगाव सोडून खोरच्या दिशेला वळले की उसाचे मळे मागे पडतात आणि हलक्या, मुरमाड जमिनीतील अंजिराच्या बागा दिसू लागतात. पलीकडच्या पुरंदर तालुक्यातील अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दौंडच्या या पट्ट्यातील शेतकऱ्यांनीही कमी पाण्यात येणारे हे फळ चांगले जोपासले आहे. परंतु एखाद्या वर्षी फळांनी लगडलेले झाड पंधरा-वीस दिवसांत पाने गाळून उघडे पडते. फळे वाढत नाहीत, चपटी व कडक राहतात आणि पिकण्याआधीच गळतात. बागाईतदार म्हणतो, "फळाला काहीतरी झाले." खरे तर फळाला नव्हे, पानाला झालेले असते. हा तांबेरा रोग होय.

फळाचा आधार पान

अंजिराचे फळ नव्या फुटीवर पानाच्या बगलेत येते. त्या फळाला लागणारे अन्न मुख्यतः जवळची पाने तयार करतात. पान गळाले की फळाचे पोषण थांबते. नंतर खताची मात्रा वाढवून किंवा पाणी जास्त देऊन उपयोग होत नाही. म्हणून अंजिरात रोगनियंत्रण याचा अर्थ तोडणी संपेपर्यंत झाडावर निरोगी पान टिकविणे, एवढाच घ्यावा.

तांबेरा कसा ओळखावा?

हा बुरशीजन्य रोग आहे. सुरुवातीस पानाच्या वरच्या बाजूवर बारीक, पिवळसर ठिपके दिसतात. पान उलटे करून पाहिल्यास त्याच जागी तांबूस-तपकिरी फोड आढळतात. बोट फिरविल्यास विटकरी भुकटी बोटाला लागते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. ते वाऱ्याबरोबर पसरतात आणि ओल्या पानावर रुजतात. ढगाळ हवा, रिमझिम पाऊस, सकाळचे दव आणि दाटीमुळे कोंदलेली बाग या गोष्टी रोगाला पोषक ठरतात.

वरून पाहणाऱ्याला रोग उशिरा दिसतो. पाने पिवळी पडू लागल्यावर पंप बाहेर काढला तर निम्मी लढाई आपण हरलेली असते. यासाठी आठवड्यातून एकदा बागेत फिरून दर ओळीतील दोन-चार झाडांची खालची, सावलीतील पाने उलटून पाहावीत.

बहार आणि रोग

खट्टा बहारात कोवळी पाने ऐन पावसाळ्यात सापडतात, त्यामुळे तांबेऱ्याचा धोका अधिक असतो. मिठा बहार पाऊस ओसरताना धरला जातो व फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात, म्हणून रोग तुलनेने कमी राहतो. मात्र अवकाळी पाऊस व दव पडल्यास तेथेही गाफील राहू नये. खट्टा बहार घ्यायचा असेल तर फवारणीचा खर्च व मेहनत आधीच हिशेबात धरावी.

उपाययोजना

१) बहार धरण्यापूर्वी झाडावरील व जमिनीवरील सर्व रोगट पाने गोळा करून बागेबाहेर न्यावीत व खोल खड्ड्यात गाडावीत. बांधावर ढीग लावून ठेवू नये, रोग तेथूनच परत येतो.

२) छाटणी करताना आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या व वाळलेल्या फांद्या काढाव्यात. झाडाच्या मध्यभागी ऊन व वारा पोहोचला पाहिजे.

३) छाटणीनंतर लगेच संपूर्ण झाडावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. कोवळ्या पालवीवर अर्धा टक्का तीव्रतेचे मिश्रण वापरावे.

४) पावसाळी हवेत साधारण १५ दिवसांच्या अंतराने फवारणी करावी. नोझल खालून वर धरावे, कारण रोग पानाच्या खालच्या बाजूस असतो.

५) अंजीर सालीसकट खाल्ले जाते. त्यामुळे फळे पक्व होऊ लागल्यावर फवारणी टाळावी. इतर बुरशीनाशक वापरायचे झाल्यास कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा व डब्यावर लिहिलेला प्रतीक्षाकाळ पाळावा.

बोर्डो मिश्रण घरीच करा

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी लागते. मोरचूद प्लॅस्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात विरघळवावे. चुना दुसऱ्या पिंपात थोड्या पाण्यात फोडून, निवल्यावर गाळून, ५० लिटर करावा. नंतर दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतून ढवळावीत. लोखंडी भांडे वापरू नये. तयार मिश्रणात स्वच्छ विळा मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, पाने करपतील. थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

या औषधाची गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फ्रान्समधील बोर्डो भागात चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच वेली केवड्यापासून वाचल्याचे मिलार्डे या शास्त्रज्ञाच्या नजरेस आले व १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय जाहीर केला.

बुंध्याकडेही पाहा

पान उलटून झाले की खोडाकडे वाकून पाहावे. सालीवर छिद्र व त्याखाली लाकडाचा भुसा दिसल्यास आत खोडकिड्याची अळी आहे असे समजावे. ती कित्येक महिने खोड पोखरते आणि फांदी किंवा सबंध झाड वाळते. छिद्र साफ करून तार घालावी व अळी मारावी. नंतर पेट्रोलमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा आत सारून छिद्र चिखलाने लिंपावे. हे करताना जवळ विडी-काडी पेटवू नये. जुन्या पुस्तकांत यासाठी डायक्लोरव्हॉस सुचविलेले आढळेल, परंतु २०२० च्या अखेरीपासून त्याच्या वापरावर देशात बंदी आहे. बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) लावावे.

बंधूंनो, महागडे औषध उशिरा मारण्यापेक्षा साधे औषध वेळेवर मारणे केव्हाही स्वस्त. आणि वेळ कोणती, हे दुकानदार सांगू शकत नाही. ते उलटलेल्या पानावरच दिसते. उद्या सकाळी बागेत गेलात की पहिले पान उलटून पाहा.