बोटं दुखू द्या, मनगट नको

गणपती तोंडावर आले की माझ्या दवाखान्यात डावे हात यायला लागतात. सोसायटीच्या कार्यक्रमात दोन गाणी वाजवायची असतात. गिटार मेच्या सुट्टीत ऑनलाइन मागवलेली, क्लास जूनमध्येच सुटलेला, आणि मग शेवटच्या पंधरवड्यात रोज तीन-तीन तासांचा धडाका. हात भरून आला की मित्र पाठ थोपटतात, "दुखतंय म्हणजे येतंय, सोडू नकोस." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता पेशंटने तोंड उघडायच्या आधी मीच ते म्हणून दाखवतो.

त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते मरत नाही. स्टीलच्या तारा दाबून नवख्या बोटांची टोकं हुळहुळतात, लाल होतात. रोज थोडं थोडं वाजवलं तर तीन-चार आठवड्यांत तिथली कातडी जाड होते, घट्टा पडतो. सतार वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताची बोटं कधी जवळून बघा, तारेची खूण कायमची उमटलेली दिसेल. हा आजार नव्हे. एवढ्यासाठी माझ्याकडे येऊ नका, फी वाचवा. फोड आलाच तर तो फोडू नका, दोन दिवस गिटार ठेवून द्या. आयांनीही पोराची बोटं बघून घाबरायचं कारण नाही.

मनगटाला मात्र घट्टा पडत नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात, कोपराच्या आतल्या बाजूला जे दुखतं ते सहन करून कोणी पक्कं झालेलं मी पाहिलेलं नाही. बोटं हलवणारे टेंडन मनगटापाशी अरुंद आवरणांतून सरकतात. काम एकदम वाढलं की आवरण सुजतं, जागा आणखी अरुंद होते, आणि दुखत असताना वाजवत राहिलं की सूज मुक्काम ठोकते.

गेल्या पावसाळ्यात तिशीतला एक तरुण आला. ऐरोलीला आयटीत नोकरी, रोज बुलेटवरून ये-जा, रात्री गिटार. अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखत होतं. घरच्यांनी 'नस चढली' असं निदान करून एका मालिशवाल्याकडे नेलं होतं. त्याने अंगठा धरून असा काही ओढला, की दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलवेना. मग मेडिकलवाल्याने दिलेली दुखण्याची गोळी, सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे, तीही उपाशीपोटी.

"किती वाजवतोस?"

"फार नाही डॉक्टर, दोन तास."

"मध्ये थांबतोस?"

"थांबलं की लय जाते ना."

अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या बाजूला वाकव म्हटलं, तर असा ओरडला की बाहेर बसलेल्या आजींनी पडदा सारून आत बघितलं. आमच्या भाषेत याला डी क्वेरवेन म्हणतात. लहान बाळाला सतत उचलणाऱ्या आयांना तो नेहमी होतो. मनगट बरं झालं असतंच, पण शौचाला काळं होतंय हे त्याने जाता जाता, दारात उभं राहून सांगितलं. गोळ्यांनी पोटात रक्तस्राव सुरू झाला होता. हातापेक्षा पोटाचाच उपचार आधी करावा लागला. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक या काही पेपरमिंटच्या गोळ्या नाहीत. पावसाळ्यात अंगात ताप असताना तर त्या अजिबात घेऊ नका. डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

या तरुणाचा गुन्हेगार एकटी गिटार नव्हती. क्लच डाव्या हाताने दाबायचा आणि कॉर्डही डाव्याच हाताने. सकाळी ठाण्याच्या कॅडबरी जंक्शनच्या गर्दीत तो शंभरदा मूठ आवळायचा आणि रात्री तीच मूठ 'एफ'च्या बार कॉर्डवर. त्यात अंगठ्याने रील सरकवणं आलंच. हाताला गाडी, मोबाइल आणि संगीत यांत फरक कळत नाही, तो एकूण काम मोजतो. अंगठ्याला स्प्लिंट लावला, काही आठवडे बुलेट बंद ठेवायला लावली. आज तो वाजवतो, छान वाजवतो.

मग रियाज करायचा कसा? संगीत मी शिकवत नाही, पण हाताचं सांगू शकतो. रविवारी तीन तास वाजवण्यापेक्षा रोज वीस-पंचवीस मिनिटं दोनदा वाजवा, मध्ये पाच मिनिटं हात मोकळा सोडा. हे फक्त दुखणं टाळायला नाही. नवी हालचाल मेंदूत पक्की व्हायला वेळ लागतो, त्यातलं बरंचसं काम झोपेत होतं. रात्री दोनपर्यंत जागून घोटलेला तुकडा सकाळी हातातून निसटतो तो यामुळेच. मेट्रोनोम निम्म्या वेगावर लावा. चुकीच्या वेगात शंभर वेळा वाजवलं तर शंभर वेळा चुकीचंच पाठ होतं.

आणखी एक करून बघा. तारेवर बोट नुसतं टेकवून छेडा, खरखर येईल. हळूहळू दाब वाढवा. आवाज स्वच्छ झाला की थांबा. तेवढाच जोर लागतो. नवखे त्याच्या दुप्पट-तिप्पट दाबतात आणि वर अंगठ्याने गिटारच्या मानेचा गळा धरतात. पलंगावर मांडी घालून, गिटार आडवी पाडून वाजवलं की मनगट काटकोनात मोडतं. हाताशिवायच्या खुर्चीत बसा, पट्टा लावा, मनगट सरळ ठेवा.

गिटारही तपासा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत लाकूड फुगतं, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात. बाराव्या फ्रेटपाशी हे अंतर दोन-अडीच मिलिमीटर असलं की पुरे. चारच्या घरात गेलं असेल तर दोष तुमच्या बोटांचा नाही, दुकानात नेऊन सेटिंग करून घ्या. गंजलेल्या तारा बदला, सुरुवातीला हलक्या घ्या.

इंटरनेटवरच्या वैद्यांबद्दल काय बोलावं! घट्टे लवकर पडावेत म्हणून बोटांवर झटपट चिकटणारा गोंद लावून आलेली मुलगी मी पाहिली आहे. कातडीसकट निघाला. कोणी स्पिरिटमध्ये, कोणी व्हिनेगरमध्ये बोटं बुडवतं. स्प्रिंगची बोटं-बळकट-करा यंत्रं तर धडाक्यात खपतात. संगीतकार रॉबर्ट शूमान याचा उजवा हात १८३०च्या दशकात निकामी झाला आणि पियानोवादक व्हायचं त्याचं स्वप्न संपलं. बोटांच्या व्यायामाचं असंच एक यंत्र तो वापरत असे. दोष यंत्राचा की आजाराचा यावर आजही वाद आहे, पण पैसे घालवण्याआधी त्याची आठवण ठेवा.

आता जिथे थांबायचंच ते ऐका. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येते, हात झटकावा लागतो: मनगटातली नस दाबली जातेय. करंगळीला मुंग्या येत असतील तर बहुधा कोपरापाशी. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला तर आधीच उशीर झालाय. सकाळी बोट वाकून अडकतं आणि 'कट्' करून सुटतं, हे मधुमेहींमध्ये जास्त दिसतं. मधुमेह किंवा थायरॉइड असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी मुंग्या अंगावर काढू नयेत. आणि काहीही न दुखता एखादं बोट फक्त वाजवतानाच आपोआप मुडपत असेल, तर सराव वाढवू नका. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशरच्या उजव्या हाताची बोटं १९६०च्या दशकात अशीच मुडपू लागली. तीसेक वर्षं तो मुख्यतः डाव्या हाताने वाजवत राहिला. हा दोष मेंदूकडून येतो, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

पन्नाशीत हौसेने गिटार धरलेल्या काकांसाठी वेगळं सांगतो. डावा हात दुखतोय, सोबत छातीत दडपण आणि घाम असेल, तर 'कालच जास्त वाजवलं' म्हणून बाम चोळत बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा, ईसीजी काढा.

बाकीच्यांनी दोन आठवडे विश्रांती घेऊनही दुखणं हटलं नाही तर या. येताना गिटार घेऊन या. तुम्ही ती कशी धरता हे बघितल्याशिवाय मला निम्मं निदान होत नाही.