लेकरांस आवरणें

पाठ : १ शमुवेल ३:११-१४

एली याजकाचा अपराध कोणता? पुत्रांचें दुराचरण त्याला ठाऊक होतें. त्यानें त्यांना बोलूनही पाहिलें, परंतु आवरलें नाहीं. बोलणें निराळें, आवरणें निराळें.

प्रिय बंधुभगिनींनो, लेकरूं रडलें कीं आपण त्याच्या हातीं मोबाईल देतों. जेवतांना तोच, निजतांना तोच. पुढें तें सोडीना म्हणजे त्याच्यावरच रागें भरतों! दोष कोणाचा?

मोबाईल स्वतः पाप नव्हे. त्यावर शाळेचा अभ्यास होतो, शास्त्रही वाचतां येतें. परंतु त्याला माप पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें कीं, दोन वर्षांच्या आंतील मुलांस पडदा दाखवूं नये. दोन ते चार वर्षांच्यांस दिवसांतून एक तासाहून अधिक नको, कमी तितकें बरें. तीन-चार वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोंप व तीन तास हालचाल हवी. पडदा खातो तो हाच वेळ.

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव येथें २०२२ सालीं गांवानें ठरविलें : सायंकाळीं सात वाजतां भोंगा व्हावा, आणि दीड तास घरोघर मोबाईल व टीव्ही बंद ठेवून मुलांनीं अभ्यास करावा. एकट्या घरास जें जड, तें गांवानें मिळून हलकें केलें. आपल्या मंडळीस हें अशक्य आहे काय?

उपदेशकांनीं विचारावें : १. एली कोठें चुकला? २. आपल्या घरीं लेकरास कोण आवरितो?

आज कौटुंबिक उपासनेच्या वेळीं मोबाईल पेटींत ठेवावे. प्रथम बापानें आपला, मग लेकराचा.