राष्ट्रीय राजधानी क्षेत्र : अर्थव्यवस्था एक, शासने अनेक

विकसनशील देशांतील महानगरांचा अभ्यास करताना लोकसंख्या, अर्थव्यवस्था आणि शासन ही तीन प्रकरणे विद्यार्थी सहसा स्वतंत्रपणे वाचतात. दिल्लीच्या बाबतीत ती एकत्र वाचणे भाग आहे. कारण येथील लोकवस्ती व रोजगार यांनी राज्यांच्या सीमा केव्हाच ओलांडल्या, शासन मात्र त्या सीमांच्या आतच राहिले.

प्रथम संज्ञांचा घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. राष्ट्रीय राजधानी राज्यक्षेत्र म्हणजे १,४८३ चौ. कि.मी.ची दिल्ली. १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २३९ कक समाविष्ट झाला आणि दिल्लीला ७० सदस्यांची विधानसभा मिळाली. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस व जमीन हे विषय मात्र विधानसभेच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र ही याहून निराळी गोष्ट होय. दिल्लीसह हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान यांचे काही जिल्हे मिळून सुमारे ५५ हजार चौ. कि.मी.च्या या क्षेत्राचा आधार संसदेच्या १९८५ च्या अधिनियमात आहे. नगर नियोजन हा राज्यांचा विषय असल्याने तिन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी अनुच्छेद २५२ अन्वये ठराव केल्यावरच संसदेला हा कायदा करता आला. हा तपशील एका ओळीत उरकला जातो. परंतु नियोजन मंडळाची सारी मर्यादा त्यातच आहे. मंडळ प्रादेशिक आराखडा तयार करते, प्रकल्पांना कर्ज देते; जमीन, पाणी व कर हे राज्यांच्याच हाती राहतात. मुंबई महानगर प्रदेश संपूर्णपणे एकाच राज्यात असल्याने तेथे ही अडचण उद्भवत नाही.

आता लोकसंख्येकडे वळू. फाळणीच्या निर्वासितांमुळे १९४१ मधील दिल्लीची ९.१८ लाख लोकसंख्या १९५१ मध्ये १७.४४ लाख झाली. १९९१-२००१ या दशकातील वाढ ४७ टक्के होती. पुढील दशकात ती २१ टक्क्यांवर आली आणि २०११ मध्ये लोकसंख्या १.६८ कोटी भरली. यावरून स्थलांतर ओसरले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. २००१-२०११ या काळात नवी दिल्ली व मध्य दिल्ली या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, तर सीमेपलीकडील गुडगाव जिल्ह्याची सुमारे ७४ टक्क्यांनी वाढली. केवळ दिल्लीचे आकडे पाहणाऱ्याला राजधानीची वाढ दिसतच नाही.

याची कारणे बरीचशी जमिनीच्या धोरणात आहेत. दिल्लीत भूसंपादन व विकास ही प्रामुख्याने दिल्ली विकास प्राधिकरणाची (स्थापना १९५७) जबाबदारी राहिली. याउलट, हरियाणाने १९७५ च्या कायद्याने खाजगी विकासकांना वसाहती उभारण्याचे परवाने दिले. उत्तर प्रदेशाने १९७६ मध्ये नोएडा वसविले. गुडगावच्या कारखान्यातून १९८३ मध्ये पहिली मारुती मोटार बाहेर पडली. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १६८ घातक उद्योग दिल्लीबाहेर हलविण्याचा आदेश दिला. दिल्लीच्या उत्पन्नात आज चार-पंचमांशाहून अधिक वाटा सेवाक्षेत्राचा आहे. शहराला लागणारे कारखाने व कामगारांची घरे मोठ्या प्रमाणात शेजारच्या राज्यांत आहेत.

ही परस्परावलंबी रचना किती नाजूक आहे, याची दोन उदाहरणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये हरियाणातील आंदोलनात मुनक कालव्याचे नुकसान झाले आणि दिल्लीच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा खंडित झाला. २०२० च्या टाळेबंदीत दिल्ली, हरियाणा व उत्तर प्रदेश यांनी वेगवेगळ्या वेळी आपापल्या सीमा बंद केल्या. नोएडात राहून दिल्लीत नोकरी करणारा माणूस एकाएकी परराज्यातील ठरला. अखेर त्या वर्षी जूनमध्ये, येण्याजाण्याबाबत तिन्ही राज्यांचे समान धोरण असावे, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

हवेच्या बाबतीत केंद्राने निराळा मार्ग स्वीकारला. २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या वायुगुणवत्ता व्यवस्थापन आयोगाचे निर्देश राज्यांच्या आदेशांहून वरचढ मानले जातात. नियोजन मंडळाला असा अधिकार कधीच नव्हता. वाहतुकीसाठी २०१३ मध्ये स्थापन झालेल्या परिवहन निगमात केंद्राचा ५० टक्के व चारही राज्यांचा प्रत्येकी १२.५ टक्के वाटा आहे.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. २०११ मध्येच सहा लाखांहून अधिक वस्ती असलेल्या नोएडाचा कारभार नगरपालिकेऐवजी प्राधिकरणाकडे सोपविलेला आहे. औद्योगिक नगरीसाठी अनुच्छेद २४३ थ च्या परंतुकात तशी मुभा आहे. तेथील रहिवासी आमदार व खासदार निवडतो, पण आपल्या गल्लीतील गटाराविषयी जाब विचारण्यासाठी त्याला नगरसेवक नाही.