अर्थशास्त्र आणि गणिताची वाट

अर्थशास्त्र म्हणजे व्यापाराची माहिती आणि थोडे पाठांतर, अशी आमचीही विद्यार्थिदशेत समजूत होती. कला शाखेकडे वळलो तेव्हा गणित सुटल्याचे आम्हांला सुखच वाटले!

केंब्रिज विद्यापीठात १९०३ साली अर्थशास्त्राचा स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम सुरू करविणारे आल्फ्रेड मार्शल हे मुळात गणिती होत. १८६५ च्या तेथील गणित-परीक्षेत त्यांचा दुसरा क्रमांक आला होता. त्यांचे शिष्य केन्स हेही गणिताचेच पदवीधर. आजही तेथे आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बारावीच्या तोडीच्या परीक्षेत गणित घेतल्यावाचून या विषयाच्या पदवीवर्गात प्रवेश मिळत नाही. शिवाय गणिती विचारशक्तीची निराळी चाचणीही द्यावी लागते.

केंब्रिजला त्यापुढे मुलाखत असते. लंडनच्या त्या संस्थेत ती नसते. मुलाखतीत व्याख्यांच्या पाठांतराला फारसे मोल नाही. समजा, विचारले : गोव्यात जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तिचा सुक्या मासळीच्या भावावर काय परिणाम व्हावा? विद्यार्थ्याने मोठ्याने विचार करावा, आकृती काढावी, आणि परीक्षकांनी चूक सुचविताच हट्ट न धरता मार्ग बदलावा, हे तेथे पाहतात. अर्जातही दहा ग्रंथांच्या नावांपेक्षा एका ग्रंथातील न पटलेले मत सकारण मांडणे अधिक वजनदार ठरते.

दहावीनंतर गणित सोडण्याविषयी विचारावयास पालक आमच्याकडे येतात, तेव्हा घाईत हे सांगावयाचे राहून जाते. म्हणून येथे लिहिले.