रागावणार नाही, आधी हाक मार

सुट्टी लागली की आपण मुलांना मामाकडे पाठवतो आणि गाडीत बसवताना दम भरतो, "विहिरीकडे फिरकलास तर बघ!" तेवढ्यानं आपल्या जिवाला जरा बरं वाटतं. पोराचं पाण्याचं वेड काही कमी होत नाही, ते फक्त आपल्यापासून लपवायला शिकतं.

मग दुपारी मोठी माणसं जेवून आडवी झाली की चार पोरं गुपचूप सटकतात. एकाचा पाय घसरतो. उरलेली कधी कधी इतकी घाबरतात की घरी येऊन चकार शब्द काढत नाहीत. संध्याकाळी शोधाशोध होते तेव्हा काठावर कपडे सापडतात. अशी बातमी वाचली की पोटात कालवतं. मदत मागायची सोडून त्या लेकरांना मार आठवला असेल.

मागच्या पिढीलाही विहिरीचं वेड होतंच. पण वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा कमरेला बांधून त्यांना पाण्यात सोडायचे, आणि काका किंवा आजोबा स्वतः पाण्यात उभे असायचे. "जाऊ नकोस"च्या जागी "मला घेऊन जा" म्हणून पाहूया का? अर्थात मग आपल्याला खरंच जावं लागतं, दुपारची झोप मोडून. तिथंच आपलं घोडं अडतं.

विहिरीची धास्ती आपल्याला असते, शेततळ्याची नसते, कारण आपल्या लहानपणी शेततळी फारशी नव्हती. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि तळी वाढली. अनेक तळ्यांत आत प्लास्टिकचा कागद, उतरत्या बाजू, वर शेवाळ. पट्टीचा पोहणाराही कडेला येतो, पाय टेकवतो आणि पुन्हा आत घसरतो. शहरात पोहण्याचा क्लास केलेलं आपलं पोर तर जास्तच बिनधास्त असतं. तिथं धरायला शिडी असते, इथं काहीच नसतं. तेव्हा मामाला आधी फोन करून विचारा : कुंपण आहे का? काठाला पक्का बांधून आत सोडलेला गाठींचा दोर आहे का? त्याला राग आला तर येऊ दे.

रांगणाऱ्या बाळाला तर तळंही लागत नाही. डोकं जड असतं, वाकलं की तोल जातो, अर्धी बादलीसुद्धा घात करते. बादली वापरून झाली की उपडी, आणि बाथरूमला बाहेरून कडी.

समुद्रावर सगळा गोतावळा असतो, म्हणून आपण निर्धास्त. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याचं लक्ष आहे. आठवडाभर दमलेलो असतो, हात मोबाइलकडे जातोच. बुडणारं मूल सहसा सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. तोंड पाण्याबाहेर आलं तर श्वासालाच जेमतेम वेळ पुरतो. म्हणून नाव घेऊन ठरवा : आता पंधरा मिनिटं काका, मग आत्या. त्या वेळात फोन पिशवीत.

आणखी एक. भाऊ बुडताना दिसला की मुलं मागून उडी मारतात, मायेपोटीच, आणि दोघं जातात. त्यांना सांगून ठेवा : उडी नाही. दोर, ओढणी, काठी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे मिळेल ते टाक आणि जोरात हाक मार. बाहेर काढलेल्याचा श्वास चालत नसेल तर पोट दाबण्यात, उलटं टांगण्यात वेळ घालवू नका. तोंडानं श्वास द्या, छाती दाबत राहा, आणि कुणालातरी १०८ ला फोन लावायला सांगा. हे आधी एकदा जाणत्याकडून शिकून घ्या.

या वेळी पोराला गाडीत बसवाल तेव्हा दम जरा बाजूला ठेवा. त्याला जवळ घेऊन एवढंच सांगा, "चोरून गेलास, काही चुकलं, तरी आधी मोठ्यांना हाक मार. मी रागावणार नाही." आणि मग खरंच रागावू नका.