पुरावा मागणारी विद्या : शासकीय विधी महाविद्यालय आणि प्राचार्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण भारतीय संविधानाचे शिल्पकार म्हणून ओळखतो, महाडच्या सत्याग्रहाचे नेते म्हणून ओळखतो, धम्मचक्र पुन्हा गतिमान करणारे बोधिसत्त्व म्हणून वंदन करतो. परंतु ते एका विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि याच काळात स्वतः एका ऐतिहासिक दाव्यात प्रतिवादीही होते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. तिचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

उच्च न्यायालयापेक्षा जुने महाविद्यालय

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय 1855 साली सुरू झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 ची आणि मुंबई उच्च न्यायालयाची 1862 ची. म्हणजे विद्यापीठ व उच्च न्यायालय अस्तित्वात येण्यापूर्वीच मुंबईत कायद्याचे अध्यापन सुरू झाले होते. आशिया खंडातील हे सर्वांत जुने विधी महाविद्यालय मानले जाते. मुंबईचे माजी मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्या सन्मानार्थ येथे न्यायशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे येथे शिकून गेली.

जुन्या काळी या महाविद्यालयातील जीवन आजच्यापेक्षा वेगळे होते. न्यायालयात वकिली करणारे बॅरिस्टर येथे अध्यापन करीत. त्यामुळे शिक्षक आणि न्यायालय यांच्यात अंतर राहत नसे. परंतु याला दुसरीही बाजू होती. या शिक्षणापर्यंत पोहोचण्यासाठी आधी पदवीपर्यंतचा खर्च झेपला पाहिजे, आणि तो बहुजनांतील व अस्पृश्य मानलेल्या समाजातील कितीशा मुलांना झेपणार होता?

पाण्याच्या माठापासून प्राचार्यपदापर्यंत

बाबासाहेब 1918 ते 1920 या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथे प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. प्राध्यापकाची विद्वत्ता मान्य, पण त्याची तहान अमान्य, असा तो प्रकार होता. पुढे लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि 1923 पासून मुंबईत वकिली करू लागले. 1928 साली शासकीय विधी महाविद्यालयात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. जून 1935 मध्ये ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. 27 मे 1935 रोजी माता रमाई यांचे निधन झाले होते. त्या दुःखाला काही दिवसही लोटले नव्हते. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. 1938 साली ते प्राचार्यपदावरून मुक्त झाले.

प्राचार्य असताना, 1936 साली, महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी कायद्याच्या शिक्षणातील सुधारणांवर लेख लिहिला. वकिलाला कलमे पाठ असून भागत नाही. मूलतत्त्वांची पकड, सामान्य ज्ञानाचा भरपूर साठा, मांडणीतील सुसूत्रता आणि नेमके बोलण्याची सवय त्याच्याजवळ हवी, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता. हे गुण वकिलापुरते मर्यादित नाहीत. कोणत्याही विद्यार्थ्याने ते अंगी बाणवावेत.

प्राचार्य आणि प्रतिवादी

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबर 1927 मध्ये काही सवर्ण मंडळींनी त्यांच्याविरुद्ध दिवाणी दावा दाखल केला. अस्पृश्यांनी या तळ्यावर येऊ नये अशी फार प्राचीन रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. दावा महाडच्या न्यायालयातून ठाण्याला आणि तेथून मुंबई उच्च न्यायालयात गेला. जवळजवळ दहा वर्षांनी, 17 मार्च 1937 रोजी, न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या न्यायपीठाने निकाल दिला आणि वादींचे अपील फेटाळले. त्या दिवशी प्रतिवादी आंबेडकर हे विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

या निकालाचा आधार काय होता, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. अस्पृश्यता अन्यायकारक आहे, या तत्त्वावर तो निकाल दिलेला नव्हता. तळे नगरपालिकेचे होते, आणि वादी ज्या रूढीवर विसंबले ती कायद्याला अपेक्षित असलेल्या अर्थाने प्राचीन आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. थोडक्यात, न्यायालयाने रूढीकडे पुरावा मागितला आणि रूढी निरुत्तर झाली.

येथे आपल्याला भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश आठवतो. एखादी गोष्ट परंपरेने आली आहे, ऐकिवात आहे किंवा ग्रंथात आहे, एवढ्यावरून ती स्वीकारू नका. तिचे परिणाम हितकर आहेत की अहितकर, हे स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी सांगितले. न्यायालयाची कसोटी आणि धम्माची कसोटी एकच नाही. न्यायालयाने रूढी किती जुनी, एवढेच विचारले; धम्म ती माणसाचे कल्याण करते का, हेही विचारतो. उद्या वादींना रूढीचे प्राचीनत्व सिद्ध करता आले असते तर? तर कदाचित तळे कायद्यानेच बंद झाले असते. म्हणून केवळ दावा जिंकून भागत नव्हते. कायदाच बदलणे आवश्यक होते. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या संविधानाने ते केले. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई आहे. त्यातील ‘तलाव’ हा शब्द वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही.

कष्टकऱ्यांसाठी उघडलेले दार

कायद्याचे शिक्षण मूठभरांपुरते राहू नये, ही तळमळ बाबासाहेबांनी अखेरपर्यंत जपली. 1945 साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 1946 साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब तरुणांना शिकता यावे. 1956 साली, धम्मदीक्षेच्या काही महिने आधी, याच संस्थेचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले. आपल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या पालकांना सकाळच्या वर्गांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आज बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम करता येतो. राज्याच्या प्रवेश परीक्षेतून शासकीय विधी महाविद्यालयाचे दारही उघडते. पुण्यात 1924 पासून चालू असलेले आय. एल. एस. विधी महाविद्यालय आहे. सोलापूर रस्त्याने गेल्यास ते आपल्यापासून फार दूर नाही. वाट आहे, चालणारे हवेत.

त्याची तयारी वसतिगृहातच सुरू होऊ शकते. विधी महाविद्यालयांत अभिरूप न्यायालय भरते : विद्यार्थीच वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश होतात. आपणही एका सायंकाळी चवदार तळ्याचा दावा असा चालवून पाहावा. वादींची बाजू सर्वांत हुशार विद्यार्थ्याकडे द्यावी, कारण विरुद्ध बाजू पूर्ण ताकदीने ऐकल्याशिवाय आपली बाजू पक्की होत नाही. आणि निकाल वाचून झाल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातील, गावातील एक तरी रूढी समोर ठेवून विचारावे : हिचा पुरावा काय, आणि हिने कोणाचे हित होते? ज्या दिवशी हा प्रश्न विचारण्याचे धैर्य येईल, त्या दिवशी आपले विधिशिक्षण सुरू झाले असे समजावे.